आतल्या गोलातले आठ प्याले

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी रोज दीड-दोनशे रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावते आणि प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचते. हाताखालच्या मुली हसतात. हसू देत. एकवीस वर्षांत एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलेलं नाही, आणि याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही, भीतीला आहे.

त्या रविवारी मात्र चिठ्ठ्या नव्हत्या. चर्चच्या मागच्या खोलीत ओट्यावर तीन गोल तबकं होती, प्रत्येक तबकात चाळीस इवलेसे काचेचे प्याले, आणि शेजारी बारीक चोचीच्या दोन सारख्याच किटल्या. एकीत वाइन, दुसरीत द्राक्षांचा साधा रस. रंग दोन्हींचा जवळपास एकच. सकाळपासून मी धास्तावलेली होते, आणि ते का हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

आमचं चर्च लहान होतं आणि चढावर होतं, म्हणून मोठ्या चर्चमधले लोक आम्हाला 'वरचे' म्हणायचे आणि आम्ही त्यांना 'खालचे'. आमचे पाळक थकले, छप्पर गळून गळून धोक्याचं झालं, माणसं उरली चोवीस. तेव्हा ठरलं की आपण खालच्यांत सामील व्हायचं. पहिल्याच दिवशी खालच्या पाळकसाहेबांनी प्रेमाने सांगितलं की ख्रिस्ताचं शरीर एकच आहे. शरीर एक असेलही, पण सवयी दोन होत्या. ते गीतं उभं राहून म्हणायचे, आम्ही बसून. ते उपासना संपली की पाच मिनिटांत पसार, आम्ही तासभर दारात गप्पा मारणारे. हे सगळं चालून गेलं. अडलं ते प्रभुभोजनावर.

खालचे एकेक करून पुढे जायचे, गुडघे टेकायचे आणि एकाच मोठ्या प्याल्यातून वाइनचा घोट घ्यायचे. आम्ही जागेवरच बसायचो. तबक हातोहात फिरायचं, ज्याने त्याने आपला छोटा प्याला उचलून हातात धरून ठेवायचा. शेवटच्या बाकापर्यंत तबक पोचलं की पाळक विचारायचे, "सर्वांना मिळालं का?" आणि मग सगळ्यांनी एकदम प्यायचं. आमच्यात फक्त रस, वाइन कधीच नाही. आणखी एक गोष्ट होती. ज्याचं मंडळीत कुणाशी वैर असेल आणि ते मिटवायची त्याची तयारी नसेल, तो प्याला न पिता खाली ठेवायचा. त्यामुळे भरलेला प्याला खाली ठेवणं म्हणजे गावभर दवंडी पिटण्यासारखंच होतं.

यावर पाच महिने बैठका झाल्या. खालच्यांच्या बाजूने सगळ्यात मोठा आवाज मास्तरांचा. ते निवृत्त मुख्याध्यापक, उंच, इस्त्रीच्या घडीसारखे ताठ. रस हा लहान मुलांच्या वाढदिवसाला ठीक आहे, असं ते भर बैठकीत म्हणाले आणि आमच्या लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्यातल्या एका काकांनी मग वाइन पिऊन घरी गाडी चालवत जाणाऱ्यांविषयी काहीतरी सुनावलं. पाळकसाहेब वयाने लहान, दोन्हीकडून मार खाऊन खाऊन काळवंडले होते बिचारे. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. पद्धत वरच्यांची, म्हणजे बसून, छोटे प्याले, सगळ्यांनी एकदम. तबकात बाहेरच्या दोन गोलांत बत्तीस प्याले वाइनचे, आतल्या गोलात आठ रसाचे. आणि वरच्या-खालच्यांनी कळप करून बसायचं नाही, मिसळून बसायचं. तीन तबकं, प्रत्येकात आतले आठ, म्हणजे आमच्या चोवीस जणांना बरोबर पुरेल असा हिशेब.

मला हा तोडगा कळला त्या दिवसापासून मला त्या आतल्या गोलाचीच काळजी लागली, कारण त्या चोवीसांत माझा नवरा होता.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. नऊ वर्षांपूर्वी तो दारूत बुडालेला होता. बुडालेला म्हणजे खरोखरचा, नोकरी गेलेली, दात पडलेला, मुलगी मावशीकडे ठेवलेली. वरच्या चर्चच्या लोकांनी त्याला बाहेर काढला. चाळीस दिवस ते पाळ्या लावून आमच्या घरी बसले, दोघं दिवसा, दोघं रात्री. त्याच्या ओकाऱ्या माझ्याइतक्याच त्यांनीही पुसल्या आहेत. म्हणून वरच्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पण खाली यायचं ठरलं तेव्हा त्याने मला स्वयंपाकघरात थांबवून सांगितलं, "तिथे कुणाला सांगू नकोस. वरच्यांनाही मी सांगितलंय. तिथे मला नुसता लिफ्टवाला असू दे."

मी शब्द दिला. शब्द देताना मला वाटलं, यात काय अवघड आहे. नवऱ्याचं म्हणणं एवढंच की त्याच्यासाठी एक घोट असा काही प्रकार नसतो, फक्त पहिला घोट असतो. आणि आता वाइनचे बत्तीस प्याले त्याच्या नाकाखालून फिरणार होते.

तर त्या रविवारी मागच्या खोलीत मी आणि बेकरीवाल्या बाई होतो. बेकरीवाल्या बाई म्हणजे खालच्यांच्या. प्रभुभोजनाची भाकर वर्षानुवर्षं त्याच भाजतात आणि त्या खोलीची किल्लीही त्यांच्याच कमरेला असते. पहिली दोन तबकं आम्ही मिळून भरली. मी आतला गोल रसाने भरायचा, त्यांनी बाहेरचे दोन वाइनने. एक तबक, वाइनची एक बाटली. रसाची एक मोठी बाटली तिन्ही तबकांना पुरून निम्मी उरणार. सगळं अगदी व्यवस्थित.

तिसऱ्या तबकाच्या वेळी त्यांना कुणीतरी हाक मारली, भाकरीचं फडकं गाडीतच राहिलं म्हणून. जाताजाता त्या म्हणाल्या, "तुमच्या आठ प्याल्यांसाठी केवढा हा पसारा." कदाचित सहज म्हणाल्या असतील. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमचे आठ! मी मनातल्या मनात त्यांना उत्तर द्यायला लागले. असं उत्तर की त्यांची बोलतीच बंद होईल. आणि ते उत्तर रचता रचता माझ्या हातांनी तबक भरलं.

वरच्या चर्चमध्ये वीस वर्षं तबकं मीच भरत होते. बाहेरच्या गोलापासून सुरुवात, उजवीकडून डावीकडे, मग मधला गोल, मग आतला. हातांना तेवढंच माहीत. हातांनी रसाची किटली उचलली आणि बाहेरून सुरुवात केली. मधेच ती रिकामी झाली तेव्हा मी बाटलीतून पुन्हा भरूनही घेतली. मग या तबकात दोन प्रकार असतात एवढं कुठेतरी आठवलं असणार, म्हणून आतल्या गोलाला दुसरी किटली घेतली. मी हे आज सांगू शकते. तेव्हा मला यातलं काहीच दिसलं नाही. मी बेकरीवाल्या बाईंना हरवण्यात गुंग होते.

त्या परत आल्या, तबकांवर झाकणं ठेवली, तिन्ही बाहेर नेली. उपासना सुरू झाली. मी पुढच्या बाकावर बसले होते. भाकर वाटून झाली, प्रार्थना झाली, तबकं निघाली. तेवढ्यात पाळकसाहेबांनी मला खूण केली, हात पुसायचा रुमाल राहिला होता. मी उठून मागच्या खोलीत गेले.

रुमाल ओट्यावरच होता. त्याच्या शेजारी बाटल्या होत्या. वाइनच्या दोन रिकाम्या. तिसरी पाऊण भरलेली. आणि रसाची मोठी बाटली, जी निम्मी उरायला हवी होती, तिच्या तळाशी दोन बोटंसुद्धा रस नव्हता.

प्रयोगशाळेत असा हिशेब मला एका क्षणात कळतो. इथेही कळला. तिसऱ्या तबकात बाहेर रस गेला होता. आत वाइन होती.

मी बाटलीला वास घेऊन पाहिला, जणू वासाने काही बदलणार होतं. तिसरं तबक खिडकीकडच्या बाकांना होतं, आणि खिडकीकडे कोण बसलं होतं ते मला पाठ होतं, कारण आत येताना मी वळून पाहिलं होतं.

मी धावत दारापर्यंत आले. दार वेदीच्या बाजूला उघडतं, तिथून सगळं सभागृह समोर दिसतं. कुणीतरी पेटीवर संथ सूर धरला होता. तिसरं तबक खिडकीकडच्या पाचव्या बाकावर होतं. त्या बाकावर एका टोकाला मास्तर, मग बेकरीवाल्या बाईंचे दीर, मग एक निवृत्त परिचारिका, त्या खालच्यांच्याच, आणि भिंतीला लागून माझा नवरा. परिचारिकाबाईंनी बाहेरच्या गोलातला एक प्याला उचलला आणि तबक त्याच्यापुढे धरलं. त्याने आतल्या गोलातला प्याला उचलला. अगदी विश्वासाने उचलला. मग तबक मागच्या बाकावर गेलं.

आता मी काय करायला हवं होतं हे कुणालाही कळेल. तोंड उघडायचं. "थांबा" म्हणायचं. बस, इतकंच.

माझं तोंड उघडलंच नाही. मला वाटलं, मी ओरडले तर विचारतील, का? कुणाला एवढी अडचण आहे? मग नवऱ्याचं सगळं बाहेर येईल, आणि मी तर शब्द दिलाय. असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगायचं तर मला दुसरंच दिसत होतं. बेकरीवाल्या बाईंचा चेहरा दिसत होता. मास्तर पुढच्या बैठकीत काय म्हणतील ते ऐकू येत होतं. पाच महिन्यांच्या भांडणानंतर पहिलाच रविवार, आणि तो वरच्यांच्या बाईने नासवला. आणि ती बाई कोण, तर जिच्याकडून एकवीस वर्षांत एकही चूक झाली नाही ती. रुमाल हातात घट्ट धरून मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

नवऱ्याने प्याला दोन्ही हातांत छातीशी धरला होता, आमची तशीच रीत. आधी मान खाली होती. मग मान हळूच वर आली. त्याला वास आला होता, हे मला एवढ्या लांबून कळलं. त्याने प्याला नाकापासून दूर धरला, मग पुन्हा जवळ आणला. पुन्हा दूर. मग त्याने समोर पाहिलं आणि त्याची नजर दारावर आली, माझ्यावर. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मग, देव मला क्षमा करो, मी रुमालाकडे पाहिलं.

न पिता खाली ठेवता आला नसता का, असं तुम्ही म्हणाल. वरच्यांसमोर भरलेला प्याला खाली ठेवणं म्हणजे काय ते मी सांगितलंच आहे. आणि खालचे? नव्या घरातल्या पहिल्या एकत्र जेवणाला वरच्यांच्या माणसाने प्याला नाकारला, असाच अर्थ त्यांनी काढला असता. पण ती भीती दुय्यम होती. मोठी भीती मला माहीत होती, ती त्याच्या हातातच होती. त्याला तो प्याला खाली ठेवायचा होता की नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून ठरवता येत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वीचा चेहरा मला पुरता ठाऊक आहे. तो चेहरा येतोय असं मला दोनदा वाटलं.

तबक शेवटच्या बाकावर पोचलं. पेटी थांबली. पाळकसाहेबांनी आपला प्याला वर उचलला आणि आमच्या रीतीप्रमाणे विचारलं, "सर्वांना मिळालं का?"

या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही. दोन क्षण शांतता, मग पाळक "तर आपण सर्व" असं म्हणतात आणि सगळे पितात. मी डोळे मिटून घेतले.

"मला नाही मिळालं."

मी डोळे उघडले. माझा नवरा उभा होता. प्याला त्याच्या हातातच होता, त्याने तो अंगापासून दूर, हात ताणून धरला होता.

मास्तर बसल्या जागेवरून हळूच म्हणाले की अहो, तुमच्या हातात आहे की.

"हा माझा नाही," नवरा म्हणाला. "यात वाइन आहे. मला ती चालत नाही. मी दारू प्यायचो. खूप प्यायचो. नऊ वर्षं झाली सोडून. हा मी प्यायलो तर घरी पोचणार नाही."

आमच्या लोकांनी माना खाली घातल्या, जणू त्यांचंच काही उघडं पडलं होतं. आता कुणीतरी हसेल, आता कुणीतरी उठून जाईल, आता मास्तर काहीतरी बोलतील, असं वाटत होतं. पाळकसाहेब आपला प्याला तसाच उचललेला धरून उभे होते.

बेकरीवाल्या बाई खिडकीकडच्या पुढच्या बाकावरून उठल्या, हातातल्या बाहेरच्या गोलातल्या प्याल्याचा वास घेत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रुमाल, चौकट, माझा चेहरा, सगळं त्यांनी पाहिलं. मग लोकांकडे वळून म्हणाल्या, "तिसऱ्या तबकात आमच्याकडून उलटसुलट झालंय. आतल्या गोलात वाइन आहे आणि बाहेर रस. कुणी पिऊ नका अजून."

आमच्याकडून, म्हणाल्या त्या. तिसरं तबक भरताना त्या खोलीतही नव्हत्या. मी 'माझ्याकडून' म्हणायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. त्या एका शब्दाच्या आडोशाला मी उभी राहिले.

पाळकसाहेबांनी विचारलं, खिडकीच्या बाजूला आतल्या गोलातले प्याले कुणाकुणाकडे आहेत, त्यांनी हात वर करा. हात वर झाले. मी मोजले, मोजण्याची माझी खोडच आहे. आठ. पण ते सगळेच आमचे नव्हते. आमचे पाच होते, तीन खालच्यांचे. एक तरुण सून, जिने हात वर करताना सासूकडे पाहिलं आणि लाजून पोटावर पदर ओढला. एक गॅरेजवाला. आणि तिसरा हात सावकाश, खांद्याच्या वर न जाता उचललेला, मास्तरांचा होता.

सगळ्यांनी पाहिलं. रस म्हणजे वाढदिवसाचं पेय म्हणणारे मास्तर. उलट आमच्यातले तिघं बाहेरच्या गोलातले प्याले धरून बसले होते, वाइन कशी लागते ते एकदा बघावं म्हणून. त्यात आमच्या सत्तरीच्या शिवणकामवाल्या आजीही होत्या. नंतर त्या तक्रार करत होत्या की वीस वर्षं जशी चव तशीच लागली.

रस पुन्हा भरायला बाटलीत शिल्लक नव्हता. तेव्हा पाळकसाहेब म्हणाले की शेजाऱ्याशी प्याला बदलून घ्या, ज्याला जो हवा तो. परिचारिकाबाईंनी लगेच आपला प्याला नवऱ्यापुढे केला. नवऱ्याने तो घेतला नाही. आधी वाकून त्याचा वास घेतला, सगळ्यांदेखत, लांब वास. त्या बाई हात पुढे धरून थांबल्या, घाई केली नाही. मग त्याने त्यांचा प्याला घेतला आणि आपला त्यांना दिला. देताना त्याची बोटं पटकन सुटेनात, त्या बाईंनी ती दुसऱ्या हाताने सोडवली. मास्तरांचा प्याला बेकरीवाल्या बाईंच्या दिरांनी बदलला. मास्तरांनी कुणाकडेही पाहिलं नाही.

"सर्वांना मिळालं का?" पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. या वेळी खिडकीकडून दोन-तीन जण खरंच "हो" म्हणाले. मग सगळे एकदम प्यायले. माझ्या हातात प्याला नव्हता. माझ्या हातात रुमाल होता, आणि तो द्यायचाही राहून गेला.

घरी येताना नवरा पुढे होता. मी दोन पावलं मागून चालत होते. चौकात दारूचं दुकान लागतं, रविवारीही उघडं असतं ते. तिथे मी जीव मुठीत धरला. तो दुकानाकडे न बघता गेला, पण वेग वाढवून गेला. घरात शिरल्यावर त्याने बूट काढले, जागच्या जागी ठेवले आणि जेवणाच्या टेबलाशी बसला. हात टेबलावर सपाट ठेवले, तरी थरथर थांबत नव्हती.

"तू दारात होतीस," तो म्हणाला.

"हो."

"तुला कळलं होतं."

"हो. बाटल्या बघून कळलं."

"मी तुझ्याकडेच बघत होतो. नुसती मान हलवली असतीस तरी पुरे होतं."

मी म्हणणार होते की तुम्हाला शब्द दिला होता, तुमचं बाहेर येऊ नये म्हणून गप्प राहिले. वाक्य तयार होतं, चांगलं होतं, आणि त्याने ते कदाचित मानलंही असतं. पण त्याचे ते हात बघून मला ते म्हणवेना.

"तुमच्यासाठी नाही गप्प बसले," मी म्हटलं. "माझी चूक लोकांना कळेल म्हणून बसले. घाबरले मी."

चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मला काय कमी भीती वाटली?" मी उठले. भांडी घासायला लागले, घासलेलीच पुन्हा घासली. आज संध्याकाळी काय होईल, उद्या कामावरून तो सरळ घरी येईल का, हे सगळं नऊ वर्षांनी पुन्हा माझ्या डोक्यात घोंगावायला लागलं होतं.

चारच्या सुमारास बेल वाजली. मी दार उघडलं तर मास्तर. एकटेच. सकाळचाच सदरा, पण गुंडी चुकीच्या घरात लावलेली. मला वाटलं, आले. आता वरच्यांना बैठकीत बोलावणार, आता जाब विचारणार. मी दारातच सांगून टाकलं की तबक मी भरलं होतं, बेकरीवाल्या बाईंचा काही संबंध नाही. सकाळपासून घशात अडकलेलं ते वाक्य असं नको त्या माणसासमोर बाहेर पडलं.

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते माझ्या खांद्यावरून आत बघत होते, टेबलाशी बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे. त्यांनी हात पाठीमागे बांधले होते, शाळेत बांधत असतील तसे. पण दाराला टेकायला एक हात पुढे आणला तेव्हा मी तो पाहिला. नवऱ्याच्या हातासारखाच थरथरत होता.

"किती वर्षं म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"नऊ," नवरा म्हणाला.

"या खेपेचे मला अकरा दिवस झालेत." आवाज इतका बारीक की हेच का ते बैठकीतले मास्तर, असं वाटावं. "घरीसुद्धा माहीत नाही. मी रस घेतला तर लोक ओळखतील म्हणून बैठकांत मी एवढा..." ते थांबले. मग म्हणाले, "मलाही वास आला होता. तुम्ही उठला नसतात तर मी तो पिणार होतो. प्याला ओठांपर्यंत आणला होता मी."

मी दाराची कडी धरून उभी होते. मी रुमालाकडे पाहिलं होतं तेव्हा त्या बाकावर एक नाही, दोन माणसं बुडत होती. हे मला आजही कुणाला धडपणे सांगता येत नाही.

नवरा उठला, त्याने समोरची खुर्ची ओढली. "बसा," तो म्हणाला. "मलाही आज एकट्याला बसवत नाहीये." मास्तर आत आले आणि बसले. दोघांनीही हात टेबलावर ठेवले. थोड्या वेळाने नवऱ्याने माझ्याकडे न बघताच तिसरी खुर्ची पायाने बाहेर सरकवली. मी दार लावलं आणि त्या खुर्चीवर जाऊन बसले.